अक्काच्या घरचा बिनतारी पहारा

या सदरात मी बहुधा ठेवी, वारसनोंद, विमा आणि लॉकर यांविषयी लिहितो. नामनिर्देशनावरील मागील लेखानंतर दोन वाचकांनी दूरध्वनी करून जवळजवळ एकच प्रश्न विचारला : ज्या घरात वडीलधारी व्यक्ती एकटी राहते, तेथे चोरीची सूचना देणारे बिनतारी सेन्सर बसवावेत काय, आणि ते आपले आपण बसवता येतात काय? प्रश्न माझ्या नेहमीच्या वर्तुळाबाहेरचा आहे. परंतु उत्तर देण्याचा थोडाफार अधिकार मला आहे, कारण गेल्या वर्षी हे काम मी स्वतःच्या हाताने केले. एकदा चुकीचे केले आणि नंतर पुन्हा केले.

माझी थोरली बहीण इचलकरंजीस एकटी राहते. आम्ही सारे तिला अक्का म्हणतो. वय चौऱ्याहत्तर. मेहुण्यांना जाऊन नऊ वर्षे झाली, मुलगा बंगळुरूस नोकरीला. घर जुने, म्हणजे पुढे सोपा, मग माजघर, स्वयंपाकघर आणि मागे भिंतीचे परडे. भिंती दोन-दोन फूट रुंदीच्या. पुढे कौले, मागे पत्रा. उजव्या अंगाला भिंतीस भिंत लागून यंत्रमागाचा कारखाना, रात्रपाळीसह चालणारा. बाहेरच्या माणसाला त्या आवाजात पहिली रात्र झोप लागत नाही. अक्काला तो थांबला तर जाग येते.

गेल्या वर्षी माझ्या नातवाच्या बारशासाठी ती दोन दिवस सांगलीस आमच्याकडे आली, आणि त्याच अवधीत परड्याच्या दाराची कडी उचकटून कोणी आत शिरले. सोने बँकेच्या लॉकरमध्ये होते म्हणून राहिले. गेली ती चांदीची दोन ताटे, निरांजने, कपाटातील अकरा हजार रुपये आणि आमच्या आईचा चांदीचा तांब्या. फिर्याद दिली, पंचनामा झाला. रकमेचा हिशेब करता नुकसान सोसण्याजोगे होते. पण अक्काची झोप गेली. पंधरा दिवसांनी मी मुक्कामाला गेलो, तेव्हा पाहिले की रात्री दार लावल्यावर ती आतल्या बाजूस घागर ठेवी, घागरीवर कळशी, कळशीवर तांब्या आणि तांब्यावर वाटी. दार बाहेरून ढकलले की सारी उतरंड कोसळावी. एवढे करून ती माजघरात खुर्चीवर बसून राही आणि पहाटे तेथेच तिची मान कलंडलेली असे. खुर्चीतील ती आकृती पाहून मी तेथल्या तेथे निश्चय केला की हिच्या घराला सेन्सर बसवायचे.

वस्तुतः ती उतरंड हाच सेन्सर होता. दार हलले की आवाज, यापलीकडे दारावरच्या सेन्सरचे काही तत्त्व नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात सॉमरव्हिल येथील ऑगस्टस पोप यांनी १८५३ मध्ये दारे-खिडक्या विद्युत मंडलास जोडून घंटा वाजवणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले, तेही याच तत्त्वावर. आज जी लहानशी पांढरी डबी आपण चौकटीवर चिकटवतो, तिच्या पोटात काचेच्या बारीक नळीत दोन लोखंडी पात्या असतात. जवळ चुंबक असेल तोवर पात्या एकमेकींना टेकलेल्या राहतात. चुंबक दूर गेला की सुटतात. ही चुंबकी कळ अमेरिकेतील बेल टेलिफोन प्रयोगशाळेत वॉल्टर एलवूड यांनी १९३६ मध्ये तयार केली. डबी चौकटीला, चुंबक दाराच्या फळीला. दार उघडले की पात्या सुटतात, डबीतील छोटा प्रक्षेपक क्षणभर जागा होतो, 'मी अमुक क्रमांक, माझे दार उघडले' एवढेच रेडिओलहरींतून सांगतो आणि पुन्हा झोपी जातो. एरवी तो जवळजवळ निद्रिस्तच असल्यामुळे एका नाण्याएवढ्या बॅटरीवर त्याचे वर्षभर निभते. ऐकणारा मध्यवर्ती संच, ज्याला दुकानदार पॅनेल म्हणतात, तो मात्र विजेवर चालतो आणि आतल्या बॅटरीवर काही तास तग धरतो.

कोल्हापूरच्या एका दुकानातून मी एक संच घेतला : पॅनेल, भोंगा, दारांसाठी चार सेन्सर, हालचाल ओळखणारे दोन, खिडकीच्या काचेचा कंप ओळखणारा एक, आणि दोन रिमोट. तारा ओढायच्या नाहीत, भिंती फोडायच्या नाहीत, हे जुन्या घराला फार सोयीचे. प्रत्येक सेन्सरची पॅनेलला ओळख करून द्यावी लागते. पॅनेलवरील कळ दाबून त्याला 'शिकण्याच्या' स्थितीत आणायचे, मग सेन्सर एकदा चाळवायचा. पॅनेल त्याचा क्रमांक ध्यानात ठेवते. मी सवयीप्रमाणे एक नोंदवही घातली. अनुक्रमांक, जागा, बॅटरी घातल्याची तारीख, चाचणीची तारीख, शेरा. छत्तीस वर्षांची नोकरी बोटांतून जात नाही.

दारांच्या बाबतीत एक-दोन गोष्टी प्रत्यक्ष काम करतानाच कळल्या. चुंबक आणि डबी यांत दार बंद असताना बोटभरापेक्षा अधिक फट असू नये. अक्काच्या घरची दारे दुहेरी फळ्यांची आहेत. अशा दारी डबी एका फळीवर आणि चुंबक दुसऱ्या फळीवर समोरासमोर लावला, तर कोणतीही फळी उघडो, एकाच सेन्सरवर काम भागते. लोखंडी दारावर चुंबक थेट चिकटवू नये, लोखंड त्याचा जोर ओढून घेते. मध्ये अर्धा इंच लाकडाची पट्टी घालावी. आणि सोबत मिळणाऱ्या दुहेरी चिकटपट्टीवर विसंबू नये. चुना दिलेल्या भिंतीवर ती आठवडाभर टिकते. लहान स्क्रूच लावावेत.

हालचाल ओळखणारा सेन्सर अधिक लहरी. तो प्रकाश पाहत नाही, उष्णता पाहतो. त्याच्यापुढील खाचांच्या भिंगामुळे खोलीचे अनेक पट्टे पडतात, आणि उबदार शरीर एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेले की त्याला फरक जाणवतो. म्हणून माणूस त्याच्याकडे सरळ चालत आला तर तो उशिरा ओळखतो, समोरून आडवा गेला तर लगेच. तो सात फुटांच्या आसपास, कोपऱ्यात, येणाऱ्याची वाट आडवी पडेल असा लावावा. समोर ऊन येणारी खिडकी, शेगडी किंवा वाऱ्याने हलणारा पडदा नसावा. काचेतून त्याला पलीकडचे दिसत नाही. आणखी एक गोष्ट आपल्या भागासाठी महत्त्वाची : वैशाखात पत्र्याखालची बंद खोली जेव्हा माणसाच्या अंगाइतकीच तापते, तेव्हा शरीर आणि भिंत यांतला फरक पुसट होतो आणि हा पहारेकरी अर्धवट आंधळा होतो. तेव्हा पहिला भरवसा दारावरच्या सेन्सरवर ठेवावा, हा दुसरा.

याच सेन्सरने माझी फजिती केली. बसवून झाल्यावर मी त्याच्यासमोरून दहा-बारा वेळा ये-जा केली. पहिल्या वेळी भोंगा चिरकला. नंतर काही नाही. सदोष माल दिला म्हणून मी दुकानात फोन केला. तेथला मुलगा शांतपणे म्हणाला, "काका, आधी खोलीबाहेर जाऊन तीन मिनिटं बसा. मग आत या." बॅटरी वाचावी म्हणून हे सेन्सर एकदा सूचना दिल्यावर काही मिनिटे डोळे मिटून घेतात, आणि समोर हालचाल होत राहिली तर ती मुदत लांबत जाते. मी चाचणी घेत होतो म्हणूनच तो जागा होत नव्हता.

सायंकाळपर्यंत सारे जुळले. रात्री दहा ते पहाटे पाच पहारा आपोआप सुरू राहील असे पॅनेलवर ठरवून, रिमोट अक्काच्या हाती देऊन मी सांगलीस परतलो. पुढे संदेश आला नाही. महिना उलटला तरी नाही. मी समाधानी होतो. पत्नीलाही सांगितले की अक्काचे काम एकदाचे मार्गी लागले.

महिन्यानंतर गेलो, तर पॅनेलचा हिरवा दिवा विझलेला. मागची कळ बंद. परड्याच्या दाराशी घागर, कळशी, तांब्या, वाटी.

"अक्का, हे कुणी बंद केलं?"

"मी. शेजारच्या पोराला कळ दाखवायला लावली आणि केलं बंद." मग क्षणभर थांबून ती म्हणाली, "चोर एकदा आला, बाळू. तुझा भोंगा आठवड्यात तीनदा आला."

एकेक करून तिने सांगितले. मी सेन्सर बसवले त्या दिवशी शेजारच्या मागांची साप्ताहिक सुट्टी होती. दुसऱ्या दिवशी माग सुरू झाले, भिंत नेहमीप्रमाणे थरथरू लागली आणि काचेवरील कंपाचा सेन्सर रात्री बारा वाजता ओरडला. तिसऱ्या रात्री मांजर स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत येऊन फळीवर चढले. मांजराकडे दुर्लक्ष करणारा म्हणून विकला जाणारा सेन्सर जमिनीवरच्या मांजराकडे दुर्लक्ष करतो. डोळ्यांसमोरच्या फळीवर चढलेल्याकडे नाही. आणि पाचव्या रात्री पाणी आले. अक्काच्या गल्लीला पाणी तीन-चार दिवसांतून एकदा येते, आणि येण्याची वेळ नळालाच ठाऊक. पहाटे तीनला नळ वाजला, ती नेहमीप्रमाणे अंधारातच उठली, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पाऊल ठेवताच भोंगा सुरू झाला. रिमोट उशाशी राहिलेला. ती तेथेच उंबऱ्यावर बसली. छाती इतकी धडधडत होती की उठवेना. कोणीही आले नाही. मागांच्या आवाजात भोंगा कोणाला ऐकू जाणार? पॅनेल आपोआप गप्प होईपर्यंत ती कानांवर हात ठेवून बसून राहिली, आणि त्या दिवशीचे पाणीही गेले.

हे माझ्यापर्यंत का पोहोचले नाही? पॅनेलमध्ये मी संदेशासाठी जे सिमकार्ड घातले होते, ते आधी सुरू करायचे राहून गेले होते. निष्क्रिय खात्यांच्या याद्या आयुष्यभर काढणाऱ्या माणसाच्या हातून हे घडावे! मी शांततेचा अर्थ 'सर्व ठीक' असा लावला होता.

पण सिमकार्ड ही लहान चूक होती. मोठी चूक माझ्या गृहीतकात होती, आणि ती मला त्या रात्री अक्काच्या सोप्यात पडल्या पडल्या उमगली. मला पहारा शिकवला बँकेने. शाखेत सायंकाळी हिशेब जुळला, तिजोरीच्या खोलीला दोन अधिकाऱ्यांच्या दोन किल्ल्या लागल्या आणि शेवटचा माणूस बाहेर पडला की अलार्म सुरू होतो. त्यानंतर आत जे काही हलेल ते परकेच. शाखा रात्री रिकामी असते. घर रात्री रिकामे नसते. मी माझ्या बहिणीचे घर शाखा समजून बंद केले होते, आणि आत हलणारी एकमेव व्यक्ती ती होती.

घरगुती सुरक्षायंत्रणेचे पहिले पेटंट ज्यांच्या नावे आहे, त्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन यांची माहिती मी नंतर वाचली. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणाऱ्या त्या परिचारिका. त्यांच्या आणि पतीच्या कामाच्या वेळा अवेळीच्या असत आणि रात्री घरी एकटे राहावे लागे. दार वाजले तर ते उघडण्याआधी बाहेर कोण आहे हे कळावे, एवढीच मूळ गरज. पती अल्बर्ट विद्युत उपकरणांचे तंत्रज्ञ. दोघांनी १९६६ मध्ये अर्ज केला, १९६९ मध्ये पेटंट मिळाले. दारात निरनिराळ्या उंचीवर चार छिद्रे, त्यांवरून सरकणारा कॅमेरा, आतल्या खोलीत पडदा, बाहेरच्याशी बोलण्याची सोय, दुरून दार उघडण्याची कळ आणि मदत बोलावण्याची कळ. ही सारी रचना रात्री घरात एकट्या असलेल्या व्यक्तीच्या जागेवरून केलेली आहे. मी मात्र अक्काला न विचारता तिच्या घरात सात सेन्सर लावले होते.

मग मी चार रात्री तेथे राहिलो आणि नोंदवहीच्या मागच्या पानावर तिचा दिवस लिहून काढला. सूर्यास्तापूर्वी जेवण. आठला मुलाचा फोन. साडेनऊला अंथरूण. रात्री एक-दोनच्या सुमारास ती उठते, आणि शौचालय परड्यात असल्यामुळे मागचे दार उघडावेच लागते; हे मला ठाऊक असायला हवे होते, लहानपणी याच घराच्या सुट्ट्यांत मी तेच दार अंधारात भीत भीत उघडत असे. पाणी आले तर केव्हाही जाग. साडेचारला उठणे, पाणी गाळून भरणे, आंघोळ. सहाला मंदिर; तेव्हा तासभर घर बंद. साडेसातला दूध. दुपारी सोप्याचे दार उघडे, बायका येऊन बसतात. अशा घरात मागच्या दारावर भोंगा ठेवणे म्हणजे तिला रात्रभर कोंडणे होते.

दुसऱ्या वेळची मांडणी या पानावरून केली. मागच्या दाराचा पहारा उचलून परड्याच्या बोळाकडील लोखंडी फाटकावर नेला, कारण ते फाटक अक्का रात्री कधीच उघडत नाही. सेन्सर वायरिंगच्या प्लॅस्टिकच्या डब्यात बंद केला, मध्ये लाकडी पट्टी घातली. तेथून लहर सोप्यातील पॅनेलपर्यंत पोहोचेना. वाटेत दोन रुंद भिंती आणि एक लोखंडी कपाट. पॅनेल माजघरात आणल्यावर पोहोचली. ते तसे बरेच झाले. पॅनेल पुढच्या खोलीत असले तर घुसणारा पहिला हात त्यावरच घालतो. मागच्या दारावरील सेन्सर राहिला, पण घरी असतानाच्या पहाऱ्यात तो भोंगा वाजवत नाही, माजघरात फक्त एक 'टिंग' करतो. अक्का स्वतः दार उघडते तेव्हा टिंग होते आणि तिला त्याचे काही वाटत नाही. ती अंथरुणात असताना टिंग झाले, तर ते दार तिने उघडलेले नाही; तेव्हा उशाशी बांधलेली मदतीची कळ दाबायची. तशीच दुसरी कळ न्हाणीत, हात पोहोचेल इतक्या खाली. घसरून पडण्याची भीती चोराहून कमी नाही.

हालचालीचे दोन्ही सेन्सर आता ती घराबाहेर पडतानाच जागे होतात. त्यासाठी पॅनेलवर 'घरी' आणि 'बाहेर' अशा दोन वेगळ्या स्थिती असतात. मी पहिल्या वेळी त्यांतली एकच वापरली होती. वेळेवर आपोआप सुरू होणारी सोय काढून टाकली. झोपताना ती स्वतः कळ दाबते. 'बाहेर' ठेवताना निघायला चाळीस सेकंद आणि परतल्यावर बंद करायला चाळीस सेकंद दिले आहेत. गुडघेदुखीच्या माणसाला कंपनीने ठरवलेले पंधरा-वीस पुरत नाहीत. कंपाचा सेन्सर काढून परत पेटीत ठेवला, त्या खिडकीला दाराचाच सेन्सर लावला. मांजरावरचा उपाय विजेचा नव्हता. खिडकीला जाळी ठोकली.

राहिला प्रश्न कोण धावून येणार याचा. संच विकणारे याविषयी फारसे बोलत नाहीत. पहिल्या वेळी पॅनेलमध्ये मी माझा आणि भाच्याचा असे दोनच क्रमांक घातले होते. मी सुमारे तीस किलोमीटरवर, तो बंगळुरूस. आम्हाला कळून काय होणार? आम्ही फार तर ११२ला फोन करू. रात्री तीन वाजता अक्कापासून पन्नास पावलांवर जागी असलेली माणसे एकाच ठिकाणी होती : शेजारच्या कारखान्यातील रात्रपाळीत. मी मालकांना भेटलो. पण मागांच्या खोलीत शेजारी उभ्या माणसाशीही ओरडून बोलावे लागते. तेथे भोंगा ऐकू जात नाही आणि खिशातला फोनही नाही. शेवटी जॉबरनेच तोड सुचवली. "अण्णा, आवाज नको. लाल दिवा लावा. आमच्या खिडकीसमोर." भोंग्याबरोबर लुकलुकणारा दिवा परड्याच्या भिंतीवर, कारखान्याच्या खिडकीतून थेट दिसेल असा बसवला. रात्रीच्या पाळीत दहा-बारा माणसे असतात. कोणाची ना कोणाची नजर जातेच. ठरले असे की दिवा दिसला तर दोघांनी मिळून पुढच्या दाराशी यायचे आणि हाक मारायची. आत शिरायचे नाही. अक्काने हाकेला उत्तर दिले नाही तर मला आणि ११२ला फोन. समोरच्या घरातील वहिनींचा क्रमांक पॅनेलमध्ये पहिला घातला, माझा तिसरा.

ज्यांना असा संच घ्यायचा आहे त्यांनी दुकानदाराला दोन प्रश्न अवश्य विचारावेत. पहिला : सेन्सर पॅनेलला अधूनमधून 'मी आहे' असे कळवतो काय? स्वस्त सेन्सर केवळ दार उघडल्यावर बोलतात. त्यांची बॅटरी संपली, कोणी तो उपटून नेला किंवा मुद्दाम लहरींत अडथळा आणला, तरी पॅनेलला पत्ता लागत नाही. त्याच्या लेखी दार बंदच असते. एखादी शाखा महिनोन् महिने विवरणपत्र पाठवत नसेल, तर मुख्य कार्यालयाने तिचे सर्व क्षेम समजावे तसे हे आहे. थोडे अधिक पैसे देऊन हजेरी देणारे सेन्सर घ्यावेत. दुसरा प्रश्न रिमोटचा : त्याचा संकेत प्रत्येक वेळी बदलतो काय? जो रिमोट दर वेळी तोच संकेत पाठवतो, त्याची लहर जवळ उभे राहून कोणी टिपून घेतली तर पुढे तीच वापरून पहारा बंद करता येतो. वायफायवर चालणारे सेन्सरही मिळतात. परंतु त्यांची बॅटरी लवकर संपते, रुंद भिंतींतून त्यांची लहर कमी जाते, आणि वीज गेली की राउटर बंद पडतो. आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांना परवान्यावाचून खुला आहे. त्याच्या आसपास किंवा ४३३वर चालणारे संच जुन्या घरांत अधिक बरे, असा माझा अनुभव. कारखान्यातून आलेला १२३४ हा संकेतांक त्याच दिवशी बदलावा, आणि बसवून देणाऱ्या माणसासमोर बदलू नये. एटीएमचा क्रमांक आपण त्याला सांगत नाही, मग हा का?

सेन्सर बसवले म्हणून लॉकर सोडून सोने घरी आणण्याचा विचार एका वाचकाने बोलून दाखवला. तसे करू नये. लॉकरचीही मर्यादा ठाऊक असावी : रिझर्व्ह बँकेच्या २०२१च्या सूचनांनुसार, आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यांमुळे नुकसान झाल्यास बँकेचे दायित्व वार्षिक भाड्याच्या शंभर पटीइतके असते, आतील ऐवजाच्या किमतीइतके नव्हे. तरीही घरातील कपाटापेक्षा ते बरे. आणि घरफोडीचा विमा असेल तर त्याच्या अटींत दार-कुलूप बळाने उघडल्याची खूण बहुधा लागते. चोरीनंतर पंचनाम्याआधी कडी दुरुस्त करून घेण्याची घाई करू नये.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी इचलकरंजीस जातो. एकेक दार उघडून चाचणी होते, लाल दिवा लावून कारखान्याच्या खिडकीतून कोणी हात हलवतो की नाही ते पाहिले जाते, सिमकार्डाची मुदत तपासली जाते. नोंदवही आता अक्काच्याच ताब्यात आहे. शेऱ्याच्या रकान्यात ती पेन्सिलीने लिहिते. गेल्या महिन्यातील नोंदी अशा : 'पहाटे ३.१०, पाणी, दार मीच उघडले.' 'वीज गेली, दीड तास, टिंग चालू.' 'फाटकाचा आवाज, लाल दिवा, दोघे आले, बोळातले वासरू होते. त्यांना चहा दिला.' खुर्ची पुन्हा सोप्यात गेली आहे. घागर व कळशी स्वयंपाकघरात आहेत. तांब्या मात्र अजून रात्री दाराशी असतो, आणि मी त्याविषयी काही बोललेलो नाही.

पावसाला सुरुवात झाली आहे. मागच्या दाराच्या सागवानी फळ्या या दिवसांत फुगतात आणि पुरत्या मिटत नाहीत. डबी व चुंबक यांतली फट वाढली असल्याचे अक्काने कालच फोनवर कळवले. या रविवारी पट्टी बदलावी लागेल.